छोट्या वाद्यांची बैठक : आर्ट एन्सेंबल ऑफ शिकागोच्या पद्धतीने

पुढे आर्ट एन्सेंबल ऑफ शिकागो म्हणून ओळखल्या गेलेल्या जॅझ गटातून ड्रमर फिलिप विल्सन १९६७ साली सोडून गेला आणि रॉस्को मिचेल, लेस्टर बोवी, मलाकाय फेवर्स या मंडळींकडे ड्रमवर बसायला कुणी उरलं नाही. १९७० मध्ये डॉन मोये येईपर्यंत घंटा, गाँग, शिट्ट्या, सायकलचे भोंगे सगळेच वाजवत राहिले. ही ‘छोटी वाद्यं’ मिचेलच्या १९६६च्या ‘साऊंड’ या रेकॉर्डवर आधीच होती. आता तोलच त्यांच्यावर आला. चार जण आणि वीस मिनिटं असतील तर ही पद्धत घरी करून बघता येते.

प्रत्येकापुढे एक टेबल, त्यावर ब्लँकेटची दुहेरी घडी. ती नसेल तर वाद्य खाली ठेवतानाचा खडखडाटच रेकॉर्डिंगमध्ये सगळ्यात ठळक येतो. माणशी पाच-सहा वस्तू पुरेत : एक लांब घुमणारी, एक कोरडी लाकडी, एखादा खुळखुळा, एक फुंकायची. पितळी थाळी दोरीला टांगा. हातात धरली की नाद तिथेच मरतो. घुंगरू उचलतानाच वाजतात, म्हणून रुमालात गुंडाळून ठेवा.

पहिली पाच मिनिटं नियम एकच : आधीचा नाद पुरता विरल्याशिवाय दुसऱ्याने हात हलवायचा नाही. थाळी बरी असेल तर आठ-दहा सेकंद सहज जातात. शांतता सोसवत नाही म्हणून कुणीतरी खुळखुळा उचलतोच. उचलू दे, पण पुन्हा शून्यापासून सुरू करा.

पुढची दहा मिनिटं दोघांनी एकदम वाजवलं तर चालेल. तिसरा आला की एकाने थांबायचं. ट्रम्पेट, सॅक्सोफोन इथे आणा, पण थाळीच्या वर आवाज नको. बोवी व्हॉल्व्ह अर्धवट दाबून ट्रम्पेटला कण्हायला लावायचा, तसं करून बघा.

घात होतो तो ठेक्याने. चिपळ्या हाती आल्या की हात भजनाकडे घसरतो आणि बाकीचे मागोमाग ओढले जातात. चिपळ्या डाव्या हातात घ्या. ठेका वर्ज्य नाही, हा गट मार्च आणि ब्लूजही झोकात वाजवायचा. शेवटची पाच मिनिटं त्यालाच द्या : एकाने धरायचा, सगळ्यांनी खुशाल सामील व्हायचं, आणि ठरल्या खुणेला तोडायचा. भोंगा मात्र अख्ख्या बैठकीत एकदाच. दुसऱ्यांदा नुसता हशा पिकतो.

रेकॉर्डर दोन मीटरवर ठेवा, ऑटो लेव्हल बंद करा. नाहीतर प्रत्येक शांततेत तो आवाज वर ओढतो आणि ऐकू येतो तो छताचा पंखा. तोही बंदच ठेवा.