जुन्या अमेरिकन गाडीचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स मूळचाच आहे का, हे कसे ओळखावे

पुण्यात जुनी अमेरिकन गाडी विकायला निघाली की ‘सगळे मूळचे आहे’ हे वाक्य किमतीच्या आधी ऐकू येते. इंजिनाचा क्रमांक आरसी पुस्तकाशी ताडून पाहता येतो. गिअरबॉक्सची नोंद मात्र तिथे नसते, म्हणून त्याची तपासणी गाडीखाली जाऊनच करावी लागते.

भोसरीच्या एखाद्या गॅरेजात गाडी रॅम्पवर चढवून घ्यावी. रॅम्प नसेल तर घोड्या लावल्याशिवाय, नुसत्या जॅकच्या भरवशावर, खाली शिरू नये. मिस्त्री ज्याला चेंबर म्हणतात तो तळाचा ऑइल पॅन रॉकेलने पुसून त्याचे बोल्ट मोजावेत. फोर्डच्या सी-४ या गिअरबॉक्सला ११ आणि सी-६ ला १७ बोल्ट असतात, तर शेव्हरोलेच्या पॉवरग्लाइडला आणि क्रायस्लरच्या टॉर्कफ्लाइटला १४. जनरल मोटर्सच्या टर्बो हायड्रामॅटिक ३५० आणि ४०० या दोहोंना १३ च बोल्ट असल्याने तिथे मोजणी उपयोगी पडत नाही. ३५० चा पॅन एक कोपरा कापलेल्या चौकोनासारखा दिसतो, ४०० चा वेडावाकडा असतो. शिवाय ३५० ला किकडाउनची (अॅक्सिलरेटर पूर्ण दाबल्यावर खालचा गिअर पाडणारी) केबल येते, ४०० ला विजेची तार.

प्रकार कळला की साल पाहावे. ३५० हा गिअरबॉक्स १९६९ च्या मॉडेलपासून आला, त्यामुळे १९६७ च्या शेव्हरोले कॅमॅरोखाली तो दिसला तर तो नंतर बसवलेला आहे, मग विक्रेता काहीही सांगो. त्याहून जुन्या गाडीसाठी खिशात चुंबक ठेवावे: १९५७ च्या बेल एअरचा पॉवरग्लाइड बिडाचा असतो, अॅल्युमिनियमचा पॉवरग्लाइड १९६२ पासूनचा, चुंबक केसला, म्हणजे गिअरबॉक्सच्या बाहेरच्या कवचाला, चिकटलेच नाही, तर तो पॉवरग्लाइड मूळचा नाही.

एवढ्याने फक्त ‘असू शकेल’ इथवर पोहोचता येते. खरा पुरावा केसवर ठोकलेल्या आकड्यांत असतो. ओतकामातून उठून आलेले आकडे हे त्या सुट्या भागाचे असतात आणि एकाच साच्यातल्या शेकडो केसवर तेच सापडतात. पंचाने ठोकलेले, खोलगट आकडे त्या एका नगाचे असतात. जनरल मोटर्सच्या १९६८ नंतरच्या गाड्यांत ठोकलेल्या क्रमांकाचे शेवटचे सहा आकडे चासी क्रमांकाच्या शेवटच्या सहा आकड्यांशी जुळायला हवेत. टॉर्कफ्लाइटचे आकडे डाव्या बाजूला, पॅनच्या कडेलगत सापडतात. आकडे पुसट असतील तर कागद ठेवून पेन्सिल घासावी, पॉलिश पेपर मुळीच लावू नये. आणि त्याच जागी आधीच ग्राइंडर फिरल्याच्या खुणा असतील तर आकड्यांवर विसंबू नये. ओतकामाची तारीख गाडी जोडल्याच्या तारखेनंतरची निघाली, तर पुढची चर्चाच संपते.

फोर्डच्या बाबतीत दाराच्या पाटीची मदत होते. १९६५-६६ च्या मस्टँगच्या पाटीवर गिअरबॉक्सच्या रकान्यात ६ हा आकडा म्हणजे ऑटोमॅटिक. १९६७ पासून सी-४ साठी डब्ल्यू आणि सी-६ साठी यू ही अक्षरे आली. मात्र नवी पाटी बनवून मिळते, त्यामुळे पाटीचे रिव्हेट नवे दिसत असतील तर तिला साक्षीत धरू नये.