अनुकूली मेंदू-उत्तेजनासाठी डीप लर्निंगचे मॉडेल घडवताना

कंपवाताच्या (पार्किन्सनच्या) रुग्णाच्या मेंदूत खोलवर इलेक्ट्रोड बसवून विजेचे सूक्ष्म स्पंद देण्याच्या आजच्या उपचाराला १९८७ साली ग्रेनोबल येथे आलिम-लुई बेनाबीद यांनी केलेल्या कामातून दिशा मिळाली. प्रचलित पद्धतीत रुग्ण झोपलेला असो, चालत असो की त्याने नुकतीच लेव्होडोपाची (कंपवातावरील औषधाची) गोळी घेतलेली असो, स्पंद साधारण १३० हर्ट्झच्या वारंवारितेने आणि एकाच जोराने चालू राहतात. अनुकूली उत्तेजनात मेंदूतील विद्युत-संकेत वाचून हा जोर क्षणोक्षणी कमी-अधिक केला जातो. हे वाचन डीप लर्निंगच्या, म्हणजे उदाहरणांवरून शिकणाऱ्या अनेक थरांच्या संगणकीय, मॉडेलकडे कसे सोपवावे, हे येथे संशोधक आणि अभियंते यांच्यासाठी मांडले आहे.

मॉडेलला नेमका कोणता प्रश्न विचारायचा, हे सर्वप्रथम ठरवावे. सबथॅलॅमिक न्यूक्लियस या मेंदूतील खोलवरच्या, हालचालींशी संबंधित छोट्या भागातील १३ ते ३० हर्ट्झच्या बीटा लहरी कंपवातातील ताठरपणा व मंद हालचाली यांच्याशी निगडित असतात, आणि औषध किंवा उत्तेजन लागू पडले की त्या ओसरतात. त्यामुळे बीटाची शक्ती एका उंबरठ्यापलीकडे गेली की जोर वाढवायचा, हा साधा नियम बराच उपयोगी पडतो. मात्र गाढ झोपेतही बीटा घटतो आणि हालचाल सुरू होतानाही घटतो. केवळ कमी बीटा पाहून रुग्णाची अवस्था कळत नाही, आणि डीप लर्निंगची खरी गरज इथेच आहे. म्हणून मॉडेलला ‘जोर किती द्यावा’ असे न विचारता ‘रुग्ण कोणत्या अवस्थेत आहे’ असे विचारावे. उत्तरे पडताळण्यासाठी मनगटावरील हालचाल-मापक, रुग्णाची नोंदवही आणि डॉक्टरांचे मूल्यांकन असे तिन्ही आधार घ्यावेत. कंप काही सेकंदांत बदलतो, चालण्यातला फरक दिसायला मात्र कितीतरी अधिक वेळ लागतो. नोंदींची सांगड घालताना हे अंतर विसरू नये.

यानंतरचा भाग, म्हणजे मेंदूचा संकेत उत्तेजनाच्या गोंगाटापासून वेगळा करणे, सर्वांत नाजूक आहे आणि माझ्या मते बहुतेक वेळ त्यावरच खर्च करावा. मेंदूचा संकेत मायक्रोव्होल्टमध्ये असतो आणि उत्तेजनाचे स्पंद व्होल्टमध्ये. १३० हर्ट्झच्या स्पंदांना २६०, ३९०, ५२० हर्ट्झच्या गुणित लहरीही असतात. संकेताचे नमुने सेकंदाला २५० वेळा घेतले आणि त्याआधीचा, जलद लहरी अडवणारा गाळक्या (फिल्टर) दुबळा असला, तर २६० हर्ट्झची लहर १० हर्ट्झवर आणि ५२० हर्ट्झची लहर थेट २० हर्ट्झवर, म्हणजे बीटाच्या ऐन मध्यावर, उमटते. असा डेटा शिकलेले मॉडेल अचूकतेचे सुरेख आकडे दाखवते, पण प्रत्यक्षात ते रुग्णाऐवजी उपकरणच वाचत असते. इलेक्ट्रोडवरील उत्तेजन देणाऱ्या संपर्कबिंदूच्या दोन्ही बाजूंच्या संपर्कबिंदूंमधील फरक मोजल्यास हा गोंगाट बराच घटतो. तरीही एक चाचणी टाळू नये: संकेतावरून उत्तेजनाचा जोर ओळखणारे छोटे मॉडेल मुद्दाम तयार करावे. औषधाच्या आणि अवस्थेच्या नोंदी समान ठेवूनही ते सहज यशस्वी झाले, तर मुख्य मॉडेलही तोच आडमार्ग धरू शकते, असे समजून डेटा पुन्हा तपासावा. इथे एक गुंताही आहे. काही रुग्णांत उत्तेजनाच्या निम्म्या वारंवारितेवर, म्हणजे ६५ हर्ट्झवर, मेंदूची खरीखुरी गॅमा लहर (बीटापेक्षा जलद लहर) उमटते आणि ती अतिरिक्त, अनैच्छिक हालचालींची खूण ठरू शकते. त्यामुळे तो पट्टा सरसकट पुसून टाकू नये.

डेटाची विभागणी रुग्णांनुसार किंवा दिवसांनुसार करावी. एकाच रेकॉर्डिंगचे शेजारचे तुकडे प्रशिक्षण आणि चाचणी या दोहोंत गेले, तर निकाल फसवा येतो. मॉडेल लहान असावे. एक-मितीय कन्व्होल्यूशनचे, म्हणजे संकेतावरून सरकत त्यातील ठरावीक आकार टिपणारे, मोजके थर पुरेसे असतात, कारण शरीरात रोवलेल्या उपकरणाची बॅटरी मर्यादित असते. भविष्यातील नमुन्यांकडे पाहणारा कोणताही गाळक्या वापरू नये, कारण प्रत्यक्ष वापरात ते नमुने हाती नसतात.

मॉडेलचे उत्तर थेट इलेक्ट्रोडपर्यंत कधीही पोहोचू देऊ नये. मध्ये साधा, सहज तपासता येणारा नियंत्रक ठेवावा. त्यात डॉक्टरांनी ठरवलेली किमान व कमाल मर्यादा, जोर बदलण्याचा कमाल वेग आणि मॉडेलची स्वतःच्या उत्तराबद्दलची खात्री घटल्यास किंवा संकेत तुटल्यास नेहमीच्या स्थिर उत्तेजनाकडे परतण्याची सोय असावी. जोर झटकन वाढला तर रुग्णाला मुंग्या येणे किंवा बोलण्यात अडखळणे जाणवू शकते, म्हणून वेगाची मर्यादा कमाल मर्यादेइतकीच महत्त्वाची मानावी.

मॉडेल चालू झाले की तेच पुढचा संकेत बदलते, आणि प्रशिक्षणात कधी न दिसलेल्या स्थिती उद्भवतात. त्यामुळे आधी काही दिवस मॉडेल केवळ निरीक्षक म्हणून चालवावे: त्याने निर्णय नोंदवावेत, उत्तेजन मात्र स्थिरच राहावे. मग देखरेखीखाली अरुंद मर्यादेत चक्र जोडावे, म्हणजे मॉडेलच्या निर्णयानुसार उत्तेजन बदलू द्यावे. अंतिम तुलना अनुभवी डॉक्टरांनी उत्तम जुळवलेल्या स्थिर उत्तेजनाशी करावी, आणि कोणते उत्तेजन चालू आहे हे रुग्ण व मूल्यांकन करणारा या दोघांनाही ठाऊक नसावे.