बाळ चालायला लागताना: आधी खाली बसणं, मग पहिलं पाऊल

दिवाणाला धरून उभं राहिलेलं बाळ थोड्या वेळाने रडायला लागतं. पाय दुखले असतील, भूक लागली असेल, असं घरातल्यांना वाटतं. पुष्कळदा अडचण वेगळीच असते. त्याला वर चढता आलंय, पण खाली कसं उतरायचं ते ठाऊक नाही. आपण लगबगीने त्याला उचलतो, आणि खाली बसण्याचा सराव राहूनच जातो. स्वतःहून खाली बसता येणारं बाळ आधार सोडायला फारसं बिचकत नाही, म्हणून सुरुवात तिथूनच करायची.

वयाचं काय? जागतिक आरोग्य संघटनेने पाच देशांतल्या बाळांची पाहणी केली, त्यात दिल्लीतली बाळंही होती. २००६ साली आलेल्या निष्कर्षांनुसार निरोगी बाळं ८.२ ते १७.६ महिन्यांच्या दरम्यान कधीही एकटी चालू लागतात. सुमारे चार टक्के बाळं हातागुडघ्यांवर रांगलीच नाहीत, तरीही चालली. त्यामुळे शेजारचा बंड्या दहाव्या महिन्यात घरभर फिरत असेल तर त्याचं कौतुक करावं आणि घरी यावं. बाळ दिवसांआधी जन्मलं असेल तर तेवढे दिवस वजा करा. दोन महिने आधी झालेलं चौदा महिन्यांचं बाळ या हिशेबात बारा महिन्यांचं.

आधी जागा आणि पाय

घरात बाळ अनवाणीच हवं. तळव्याला फरशी कळते, बोटं पसरून पकड घेतात. गुळगुळीत टाइल्सवर साधे मोजे घातले की पाय सटकतोच. थंडीत मोजे हवेच असतील तर तळाला रबरी ठिपके असलेले घ्या. तेलाची मालिश आणि सराव यांच्या मध्ये अंघोळ असू द्या. नाहीतर निदान तळपाय पंचाने कोरडे पुसा. जाड गादीवर पाय रुततात, तिथे तोल सापडत नाही. सतरंजी चालेल, पण तिची कड दिवाणाच्या पायाखाली दाबून ठेवा.

डायपरकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही. न्यूयॉर्क विद्यापीठातल्या एका अभ्यासात काही बाळं डायपर घालून आणि उघडी अशी दोन्ही तऱ्हांनी चालवून पाहिली. उघडी असताना ती अधिक चांगली चालली. दोन पायांमध्ये गठ्ठा असला की पाऊल रुंद पडतं. सरावापुरतं डायपर काढा, किंवा पातळ लंगोट बांधा.

आता जमिनीवर बसून, बाळाच्या उंचीवरून खोली पाहा. प्लास्टिकची खुर्ची धरून बाळ उठलं की ती हमखास त्याच्या अंगावर येते, ती आत ठेवा. टेबलक्लॉथ काढा. इस्त्रीची आणि मिक्सरची वायर लोंबती नको. समई आणि उदबत्ती हाताच्या टप्प्याबाहेर ठेवा. आणि मोरीतली भरलेली बादली रिकामी करून पालथी घाला. बाळ तोंडावर पडलं तर वीतभरापेक्षा कमी पाणीही जीवघेणं ठरतं.

पायरी १: खाली बसणं

बाळाच्या बेंबीपासून छातीपर्यंत येईल इतक्या उंचीचं, न हलणारं काही निवडा. साधारण ४० ते ४५ सेंटिमीटर उंचीचा दिवाण उत्तम. बाळ त्याला धरून उभं असताना तुम्ही मागे जमिनीवर बसा. आवडीचं खेळणं त्याच्या पावलाच्या बाजूला, एखाद्या पालथ्या डब्यावर गुडघ्याच्या उंचीला ठेवा. एक हात दिवाणावर ठेवून दुसऱ्या हाताने ते घेण्यासाठी बाळ वाकेल. गुडघे ताठच राहिले तर कमरेला दोन्ही बाजूंनी धरून हळूच खाली आणा, म्हणजे गुडघे दुमडतील. हे जमलं की खेळणं पाटावर, मग थेट जमिनीवर. उजवी-डावी बाजू बदलत राहा.

उलटा सरावही करा. पाय पसरून बसा, बाळाला आपल्या मांडीवर असं बसवा की त्याची पावलं जमिनीला सपाट टेकतील, आणि खेळणं दिवाणावर ठेवा. ते उठेल, घेईल, परत मांडीवर बसेल. पाच-सहा वेळा पुरे. मांडीचे स्नायू खरे इथे तयार होतात.

पायरी २: धरून चालणं

धरून चालताना बाळ आधी आडवं सरकतं. खेळणं हातापासून वीतभर बाजूला ठेवत न्या. ते एकाच दिशेला जात असेल तर दुसऱ्या बाजूला जास्त आवडतं काही ठेवा. मग दिवाणाशेजारी जड टीपॉय किंवा ट्रंक आणा. सुरुवातीला दोन्ही चिकटून, नंतर वीतभर फट, मग दोन वीत, आणि शेवटी इतकी की दोन्हीकडे एकदम हात पुरणार नाही. त्या फटीत बाळ अर्धा क्षण काहीही न धरता असतं. घाई करू नका. एका फटीवर आठवडा गेला तरी बिघडत नाही.

पायरी ३: हात सोडून उभं राहणं

दोन्ही हात वर ओढून बाळाला "चाल चाल" करत नेणं ही घरोघरची रीत आहे. त्यात तोल आपण सांभाळतो, बाळ हातांना लटकतं, पुढे झुकतं आणि टाचा उचलतं. त्याऐवजी कमरेला किंवा बरगड्यांच्या खाली धरा. हातच धरायचे असतील तर ते बाळाच्या खांद्यांच्या वर जाऊ देऊ नका.

मनगटाला किंवा एका हाताला धरून झटक्याने उचलणं तर मुळीच नको. लहान मुलांचं कोपर त्याने निखळतं. हात किंचित वाकलेला, लोंबता ठेवून मूल रडत असेल तर तेल लावून चोळू नका, ओढून बसवण्याचा प्रयत्न करू नका. थेट डॉक्टरांकडे न्या. ते क्षणात बसवतात.

उभं राहण्यासाठी युक्ती साधी आहे. बाळाला भिंतीला पाठ टेकवून उभं करा आणि दोन्ही हातांत मावेल असा चेंडू द्या. हात गुंतले की आधार धरायचा राहून जातो. दुसरी युक्ती लाकडी कड्याची: एक बाजू बाळाच्या हातात, एक तुमच्या. काही दिवसांनी तुमची बाजू हळूच सोडा.

पायरी ४: पाऊल

झोप पूर्ण झालेली, पोट भरून अर्धा तास उलटलेला, अशी वेळ निवडा. दोन मोठी माणसं समोरासमोर जमिनीवर बसतील, मध्ये दोन फुटांचं अंतर. एकाने कंबर सोडायची, दुसऱ्याने हात पसरून बोलवायचं. बाळ आलं की पोटाशी घ्या. नंतर अर्ध्या-अर्ध्या फुटाने अंतर वाढवा, पण बाळ निघण्याआधी. ते येत असताना मागे सरकण्याचा मोह सगळ्यांना होतो, आणि पोहोचण्याच्या बेतात असलेलं बाळ फसतं. दोन-तीनदा असं झालं की ते निघतच नाही. मोबाइलही पुढे धरू नका. बाळ तुमच्याकडे न येता मोबाइलवर झेपावतं. पाच-दहा मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा, एवढंच.

पाय फाकलेले, हात खांद्यापाशी वर, पाऊल सपाट पडतंय, ही सुरुवातीची बरोबर चाल आहे. पडणंही गृहीत धरा. न्यूयॉर्क विद्यापीठाच्याच २०१२ सालच्या अभ्यासात १२ ते १९ महिन्यांची मुलं तासाला सरासरी २,३६८ पावलं टाकत होती आणि १७ वेळा पडत होती. दर वेळी "अगं बाई!" म्हणून धावलात तर रडण्याचं कारण तुम्हीच पुरवाल. पण डोक्यावर पडून बाळ बेशुद्ध झालं, वारंवार उलटी झाली, नेहमीपेक्षा जास्त गुंगीत राहिलं, झटका आला, किंवा कान-नाकातून पाणी वा रक्त आलं, तर लगेच रुग्णालय गाठा.

पांगुळगाडा की वॉकर?

पांगुळगाडा चांगला, मात्र धरून चालता येऊ लागल्यानंतर. त्यात वजन बाळाच्या स्वतःच्या पायांवर राहतं. तीन चाकांचा लाकडी गाडा मातीच्या किंवा शहाबादी फरशीवर बेताने चालतो, टाइल्सवर मात्र सुसाट पळतो आणि बाळ तोंडावर येतं. चाकांना रबरी पट्टी किंवा सुती कापड घट्ट गुंडाळा, पुढच्या भागावर खालच्या बाजूला एक-दोन किलो तांदळाची पिशवी बांधा. दांडा ओढून उभं राहताना गाडा मागे उलटणार नाही, तेही याच वजनाने साधतं.

मध्ये बसवायचा, गोल चौकटीचा वॉकर घेऊ नका. कुणी भेट दिला असेल तर माळ्यावर टाका. त्यात बाळ झोळीत बसल्यासारखं असतं आणि चवड्यांनी ढकलतं. स्वतःची पावलंही त्याला दिसत नाहीत. शिवाय तो सेकंदाला मीटरभर जातो, तेवढ्यात जिना येतो. कॅनडाने २००४ साली त्याच्या विक्रीवर बंदीच घातली.

बूट बाहेर जाण्यापुरते. तळवा बोटांपाशी हाताने सहज वाकला पाहिजे, पुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी, आणि दर दोन महिन्यांनी माप पाहावं. पीं पीं वाजणाऱ्या बुटांबद्दल काय बोलावं. बाळ आवाजासाठी टाचा आपटत राहतं. सरावापुरते वाळेही काढा आणि एरवी त्यांचे घुंगरू सैल नाहीत ना ते बघा.

डॉक्टरांना कधी दाखवावं

नऊ महिन्यांनंतर आधाराशिवाय बसत नाही, वर्षाचं झालं तरी आधाराने उभं राहत नाही, अठरा महिन्यांनंतर चालत नाही, ही तीन कारणं लक्षात ठेवा. एकच पाय ओढणं, एकाच हाताचा वापर, सतत चवड्यांवर चालणं, किंवा येत असलेली गोष्ट येईनाशी होणं, यासाठी वयाची वाट पाहू नका. सपाट तळवे आणि किंचित धनुष्यासारखे पाय दोन वर्षांपर्यंत साधारणच असतात, पण वाक वाढत असेल, एकाच पायात असेल किंवा मनगटं जाड दिसत असतील तर मुडदूस (ड जीवनसत्त्वाअभावी हाडं मऊ पडणं) तपासून घ्या. पहिल्या वर्षात रोज ४०० युनिट ड जीवनसत्त्वाचे थेंब सांगितलेले असतात. ते मध्येच बंद पडले नाहीत ना, तेही आठवा.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीत मुलांची तपासणी मोफत होते, आणि गरज असल्यास जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवतात. जाताना बाळाच्या चालण्याचा मिनिटभराचा व्हिडिओ, समोरून आणि बाजूने घेतलेला, सोबत न्या. दवाखान्यात बाळ हमखास कडेवरून उतरत नाही.