तीन केऱ्या

ग्रामोफोनच्या जुन्या तबकड्यांचं डिजिटायझेशन म्हणजे भारी यंत्रं आणि भारी सॉफ्टवेअर, अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात पहिले तीन महिने एक्सेलचे रकाने भरण्यात गेले. ऑडॅसिटी हे आवाज भरायचं-कापायचं सॉफ्टवेअर कोणीही दोन दिवसांत शिकतो. मूळ प्रत २४ बिट, ९६ किलोहर्ट्झवर, म्हणजे आवाजाच्या भरपूर बारकाव्यांसह, जपायची, खरखर काढायची ती नकलेवर. एवढं पाळलं की पुरे.

माझा घोळ झाला माहिती भरताना. गोव्यातल्या कितीतरी गायिकांची आडनावं गावांवरून पडलेली. म्हणून ७८ आरपीएमच्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या, तबकड्यांच्या लेबलांवरून त्या गावांचा नकाशा करायचा, हा माझा प्रकल्प. केसरबाई केरकर, म्हणजे केरी. नाव टाकलं, संगणकाने खूण लावली, मी पुढे. फोंड्यात आमच्या भजनी मंडळातल्या आजोबांना मोठ्या हौसेने नकाशा दाखवला, तर म्हणाले, "बाबा, हिला पेडण्याच्या समुद्रावर कशाला नेलीस? ही इथली, आमच्या केरीची." गोव्यात केऱ्या तीन: पेडण्यात, सत्तरीत आणि फोंड्यात. १९७७ साली व्हॉयेजर यानाबरोबर जिची भैरवी अंतराळात गेली, तिचा तालुका मी चुकवला. तोही फोंड्यात बसून!

तेव्हापासून लेबलावरचा मजकूर जसाच्या तसा एका रकान्यात, मी लावलेला अर्थ दुसऱ्यात आणि तो कोणी सांगितला ते तिसऱ्यात. तुम्हीही पहिल्या दिवसापासून असंच करा, नंतर निस्तरणं फार जड जातं.

तबकडी शेवटपर्यंत ऐका. १९०२ च्या सुमाराची मुद्रणं छपाईला जर्मनीत हॅनोव्हरला जात. तिथल्या लोकांना गाणं कोणाचं ते कळावं म्हणून त्या काळची गायिका गौहर जान शेवटी स्वतःचं नाव सांगायची. असली शेपटं मी फालतू समजून कापत होतो. शिवाय त्या काळच्या सगळ्याच तबकड्या ७८ च्या वेगाने भरलेल्या नसत; पट्टी जुळवायला पेटी वाजवणारा मित्र गाठा.

नेटवर चढवण्याआधी हक्क तपासा. आपल्याकडे ध्वनिमुद्रणाचा कॉपीराइट प्रकाशनानंतर ६० वर्षं असतो.

मोगूबाई कुर्डीकरांची खूण साळावली धरणाच्या जलाशयात पडली. पुन्हा चुकलं म्हणून मी ती हलवायला गेलो, पण या खेपेला संगणक बरोबर होता. त्यांची कुर्डी त्या धरणाच्या पाण्याखाली गेली आहे. उन्हाळ्यात पाणी उतरलं की दिसते. खूण पाण्यातच ठेवली, आणि शेऱ्यात लिहिलं: मे महिन्यात पाहणे.