आधी स्वतःचा नंबर

कोल्हापुरात पतसंस्थेच्या काउंटरवर बसून मला अकरा वर्षं झाली. खातं बाईचं असतं, पण ओटीपी म्हटलं की ती मान वळवून नवऱ्याकडं बघते, कारण खात्याला नंबर त्याचा जोडलेला. मध्यंतरी एकजण जामीनदार म्हणून सही करायला आली. कर्ज केवढ्याचं आहे ते वाचायला लागली, तर नवऱ्यानं कागदावर तळहात ठेवला. ‘तू फक्त खाली सही कर.’ तिनं केली. मी गप्प राहिले, याचं मला अजून वाईट वाटतं.

पैशाचा व्यवहार एकानं बघणं वेगळं आणि दुसऱ्याचा पैसा अडवणं वेगळं. कोथिंबिरीच्या दहा रुपयांचा हिशोब मागायचा, स्वतःचा पगार मात्र सांगायचा नाही. बायकोचं एटीएम आपल्या पाकिटात ठेवायचं. शिरोलीतली नोकरी ‘घराकडं कोण बघणार’ म्हणत सोडायला लावायची. तिच्या नावावर बचत गटाचं कर्ज उचलून हप्ते थकवायचे. एकदा घडलं तर बोलून सुटतं. पण हे नेहमीचंच झालं असेल आणि विचारायचीही भीती वाटत असेल, तर तयारीला लागा.

सगळ्यात आधी स्वतःच्या नावावरचं सिमकार्ड. मग नवऱ्याचं खातं नसलेल्या बँकेत स्वतःचं एकटीचं खातं. आधार केंद्रात जाऊन आधारचा मोबाईल नंबर बदलून घ्या, आणि आधार कुठल्या खात्याला जोडलंय तेही बघा. लाडक्या बहिणीचे 1500 रुपये तिथंच पडतात. गावाकडं धार काढते बाई आणि दहा दिवसांचं दुधाचं बिल जातं त्याच्या खात्यावर. ते आपल्या नावावर करता येतं का, संस्थेत विचारून ठेवा. मात्र सगळं एका दिवसात बदलू नका. माणूस हात उचलणारा असेल तर त्याला कळणाऱ्या गोष्टी, म्हणजे सामाईक खातं आणि पासवर्ड, शेवटी.

आधार, पॅन, लग्नाचा दाखला, मुलांचे जन्मदाखले, रेशनकार्ड, सातबारा, विम्याचे कागद या सगळ्यांचे फोटो काढा आणि झेरॉक्सचा एक संच माहेरी किंवा बहिणीकडं द्या.

सोन्याचं जरा सविस्तर सांगते, कारण फसगत इथंच जास्त होते. साज, पाटल्या, बोरमाळ, जे काही माहेरहून किंवा लग्नात मिळालं ते स्त्रीधन. ते तुमचं एकटीचं असतं, घराचं सामाईक नव्हे. सर्वोच्च न्यायालयानं 1985 सालीच हे स्पष्ट केलंय. गुजरीतल्या सराफाची पावती शोधा, प्रत्येक डागाचं वजन लिहून ठेवा, अंगावर घातलेले लग्नातले फोटो जपा. साज गहाण पडला असेल तर त्या पावतीचाही फोटो हवा.

क्रेडिट रिपोर्ट वर्षातून एकदा फुकट मिळतो. तो काढला की आपल्या नावावर कुठली कर्जं आहेत ते दिसतं. जामीनदाराकडूनही पूर्ण वसुली होऊ शकते, ‘नुसती सही’ असं काही नसतं.

2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात घरखर्च अडवणं, स्त्रीधन हिरावणं हाही छळच धरलाय. त्याखाली घरात राहण्याचा आदेश आणि खर्चाचे पैसे दोन्ही मागता येतात. बाईला मोफत वकील मिळतो, त्याला उत्पन्नाची अट नाही. त्यासाठी कसबा बावड्याला जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाकडं जा, नाहीतर 15100 ला फोन लावा. महिला हेल्पलाईन 181, आणि जिवावर बेतलं तर 112.

थोडी रोकड घराबाहेर, भरवशाच्या माणसाकडं असू द्या. आणि सहीला कुणी ओढून आणलंच, तर ‘चष्मा घरी राहिला, उद्या येते’ एवढं म्हणा. काउंटरच्या अलीकडं मी आहे, त्या दिवशी तो कागद पुढं सरकणार नाही.