स्वयंचलित बोट: कॅमेऱ्याआधी होकायंत्र बघा

स्वयंचलित बोट बनवणाऱ्या टीममध्ये नवीन आलेला प्रत्येक जण आधी कॅमेऱ्याचंच विचारतो. पोरांनो, ते शेवटी. आधी सोडलेली बोट आपणहून काठाला परत आली पाहिजे.

हल, म्हणजे बोटीचं तरंगणारं धड, दोन करा; अशा जोड-बोटीला कॅटामरान म्हणतात. सहज कलंडत नाही. हिशोब सोपा आहे: एक लिटर पाणी बाजूला सारलं की एक किलो तरतं. सामानासकट 20 किलो भरणार असेल तर दोन्ही हल मिळून 40 लिटरचे ठेवा, म्हणजे निम्मे पाण्यावर राहतील. फायबरचं काम वाळलं की आत टिश्यू पेपर अंथरा आणि हल रात्रभर टाकीत दाबून ठेवा. सकाळी कागद जिथे ओला, तिथे गळती.

थ्रस्टर (पाण्याखालच्या पंख्यांच्या मोटरी) दोन घ्या, डाव्या-उजव्याचा जोर कमीजास्त केला की बोट वळते; सुकाणूच्या भानगडीत पडू नका. पिक्सहॉकवर (बोट चालवणारा कंट्रोलर बोर्ड) आर्डुपायलट सॉफ्टवेअरचं रोव्हर टाका, ते बोटीलाही चालतं. त्याच्या सेटिंगमध्ये फ्रेम क्लास 2 म्हणजे बोट. सर्वो फंक्शन (कुठल्या आउटपुटने काय चालवायचं) 73 डावा थ्रॉटल, 74 उजवा.

आता होकायंत्र. बोट काठाशी पुढून-मागून दोरीने ताणून बांधा, लॅपटॉपवर मिशन प्लॅनर (बोटीची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर) उघडा आणि थ्रॉटल हळूहळू वाढवा. बोट जागची हललेली नसताना हेडिंग, म्हणजे बोटीच्या तोंडाची दिशा, दहा-पंधरा अंश सरकलं, तर दोष तारांचा. थ्रस्टर जोरात वीज ओढतात तेव्हा तारांभोवती चुंबकीय क्षेत्र तयार होतं आणि होकायंत्र त्यालाच उत्तर समजतं. मग बोट ठरलेल्या बिंदूभोवती गोल गोल फिरते आणि मंडळी पीआयडीचे, म्हणजे वळण-वेग सावरणाऱ्या सेटिंगचे, आकडे बदलत बसतात! प्लस-मायनसच्या तारांना एकमेकींचा पीळ द्या. जीपीएस आणि होकायंत्र पीव्हीसीच्या काठीवर उंच चढवा, स्क्रू पितळी किंवा नायलॉनचे. होकायंत्राचं कॅलिब्रेशन (जुळवणी) गाड्यांच्या लोखंडाजवळ, पार्किंगमध्ये नको, मोकळ्या मैदानात करा.

आणीबाणीच्या लाल बटणाने फक्त थ्रस्टरची वीज तुटावी, कंप्युटरची नाही; नाहीतर नेमकं काय बिघडलं त्याचा लॉगही जातो. रिले (विजेने चालणारा स्विच) असा जोडा की रिमोटचा सिग्नल गेला की थ्रस्टर आपोआप बंद.

पुण्याकडच्या तळ्यांवर जलपर्णी असतेच. एखादं मूळ पंख्यात गुंतलं की करंट चढतो, म्हणून प्रत्येक फेरीनंतर पंखे बोटांनी चाचपा, पण बॅटरी काढून. तळ्याची लेखी परवानगी आणि लाइफ जॅकेट याबद्दल वाद नको.

एवढं जमलं की कॅमेरा. बोया (पाण्यावर तरंगणारी खूण) ओळखायला कॅमेऱ्याला शिकवायचे फोटो काठावर उभं राहून काढू नका. कॅमेरा बोटीवर ज्या उंचीला बसणार त्याच उंचीवरून काढा, आणि भर दुपारचेही काढा, कारण पाण्याच्या चकाकीत लाल बोया पांढराफटक दिसतो. फ्लोरिडातल्या रोबोबोट या स्वयंचलित बोटींच्या स्पर्धेचा विचार असेल तर आणखी एक. मुंबई बंदरात शिरताना लाल बोया डाव्या हाताला असतो, अमेरिकेत उजव्या. त्यामुळे लाल कुठल्या बाजूला ठेवायचा हे त्या वर्षीची नियमावली वाचून ठरवा आणि कोडमध्ये एकाच ठिकाणी बदलता येईल असं लिहा.