आयर्लंडमधली लोहारशाळा बघताना या चुका टाळा

डब्लिनहून सुट्टीत गावं फिरताना चौरस्त्यावर ‘द ओल्ड फोर्ज’ अशी पाटी दिसते. फोर्ज म्हणजे लोहारशाळा. कुठे नालाच्या आकाराचा दगडी दरवाजा असतो, त्याच्यासमोर फोटो होतो आणि गाडी पुढे. खरी गंमत मात्र दरवाजाबाहेर, पायाखाली असते.

तिथला गोल, सपाट, मधे भोक असलेला दगड बघून ‘जातं!’ म्हणू नका. तो गाडीच्या लाकडी चाकाला धाव, म्हणजे बाहेरची लोखंडी पट्टी, चढवायचा दगड (काही ठिकाणी गिरणीची जुनी तळीच कामाला लावलेली, ते वेगळं). चाक आडवं ठेवलं की त्याचा तुंबा, म्हणजे मधला जाड भाग, भोकात बसे. एवढी मोठी धाव भट्टीत मावत नाही, म्हणून बाहेरच टर्फचा, म्हणजे दलदलीतून कापून वाळवलेल्या पीटचा, गोल जाळ करत. आपल्याकडे गोवऱ्या रचतात तसाच.

धाव सैल दिसली की लोहार कच्चा होता असं वाटतं. तीही चूक. १४ फूट परिघाची पट्टी लाल होईतो सुमारे दीड इंच वाढते. त्या हिशेबाने लोहार ती चाकापेक्षा मुद्दाम तोकडी करी, तापवून चढवी आणि वर पाणी ओती. फारच तोकडी झाली तर आवळताना आऱ्यांवर ताण येऊन चाक वाकडं होई, लांब झाली तर ती पकडच घेत नसे. पण बरोबर बसलेली धावही कोरड्या हवेत लाकूड आक्रसलं की ढिली पडते. शेतकरी मग चाक ओढ्यात बुडवून ठेवी.

कॅव्हन काउंटीत स्मिथ, म्हणजे इंग्रजीत लोहार, हे आडनाव दिसलं की इंग्रज घराणं, असं धरू नका. तिथले बरेचसे स्मिथ मूळचे मॅक गावन, म्हणजे लोहाराचा मुलगा. आपल्या लोहार आडनावासारखंच.

घरी येऊन शोधणार असाल तर १९३७ ते ३९ मध्ये शाळकरी मुलांनी आजी-आजोबांकडून उतरवून घेतलेला लोककथांचा संग्रह बघा, तो दूखस (duchas.ie) या संकेतस्थळावर आहे. नुसतं ‘स्मिथ’ टाकलंत तर आडनावांचा ढीग येईल. ‘फोर्ज’ टाका, किंवा काउंटी निवडून गावच्या शाळेपर्यंत जा. लोहाराच्या तापलं लोखंड बुडवायच्या कुंडीतल्या पाण्याने चामखीळ जाते, अशा नोंदी भेटतील. ते औषध समजू नका, एवढंच.

आणि पाटी जुनी असली तरी आत आता कुणाचं तरी राहतं घर असू शकतं. आधी दार वाजवा.